डावी मागची

शंभरफुटी रस्त्यावर, टायरवाल्याच्या शेजारी,
दस्तगीर शिकलगार गाडीभोवती एक फेरी मारतात
आणि म्हणतात, "डावी मागची."
दाढेबद्दल बोलावं तसं.

खिडकीला मी चिकटपट्टीनं लावलेली पिशवी,
बस्त्याच्या दुकानाची, राणी रंगाची.
विश्रामबागपासून इथवर फडफडत आली,
सिग्नलला तेवढी गप्प बसली.

"कशानं गेली?"
"पोरांचा चेंडू."
ते दार उघडतात. सीटवर हात फिरवतात,
सीटच्या फटीत, मग खालच्या मॅटवर.
तळव्याला चिकटून येतात चार-पाच दाणे,
खडीसाखरेएवढे.
"चेंडू असता तर ताई, वाटीभर काच आत असती.
ही बाहेर गेलीया."
एवढंच. मग आत हाक, "सोहेल, फडकं आण."

कंपनीची पुण्यास्नं, तीन दिवस, अठ्ठावीसशे.
जुनी आत्ता, बाराशे.
आत्ता, मी म्हणते.

हँडलमागं फडकं घालून
ते दोन्ही बाजूंनी ओढतात, सुतार करवत ओढतो तसं,
आणि क्लिप टुणकन उडते.
दाराचं अस्तर निघतं. दाराला पोट असतं
हे मला माहीत नव्हतं.
उरलेली काच तळाशी सळसळते, सुपात पाखडल्यासारखी.
तिच्यात माझी केसांची पिन, एक रुपया,
एसटीचं तिकीट, अक्षरं उडालेलं.
"घ्या," म्हणतात. मी घेते.

चेंडू नव्हता.
कवठे एकंदच्या अलीकडे पुढची दोघं
माझ्याबद्दल बोलत होती, मी गाडीत नसल्यासारखी.
हप्ते माझ्या पगारातून जातात त्या गाडीत.
मांडीवर सासूबाईंची चंची, सांभाळायला दिलेली.
चंचीत अडकित्ता. हाताला गार लागला.
फेकायचा नव्हता, असं मी अजून म्हणते.

आवाज फार झाला नाही.
काच आधी पांढरी झाली, सगळीच्या सगळी,
क्षणभर तशीच उभी राहिली
आणि मग गेली, अडकित्त्यासकट, रस्त्यावर.
वारा आत आला.
तासगावपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही.
एवढं निवांत मला त्या गाडीत कधी वाटलं नव्हतं.

हे शिकलगारांना कशाला सांगू.
ते रद्दीत गुंडाळलेली काच सोडवतायत,
कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची.
कोपऱ्यात कोरलेलं, एमएच शून्य नऊ, पुढं नंबर.
"कोल्हापूरची. पुढनं गेलेली गाडी," म्हणतात,
"माणसं वाचली."
मी विचारलं नव्हतं.

काचेवर खाली, लहान मुलाच्या उंचीला,
स्टिकरचं फुलपाखरू. एकच पंख.
ते ब्लेड उचलतात.
"राहू दे."
"आणि नंबर तर काय जायचा न्हाई," ते सांगतात,
"घासला तर काच आंधळी हुती."

रबराला साबणाचं पाणी. काच दारात उतरवताना
शिकलगार श्वास धरतात. मीही.
सोहेल हँडल फिरवतो. वर. खाली. वर.
तीन बोटं राहिली की अडते.
"तेवढं हातानं ओढायचं," म्हणतात. "जुनी हाय."
पिशवीची नीट घडी करून माझ्याकडे देतात,
फेकत नाहीत.

रविवारी परत तासगाव.
मी मागेच, डावीकडे, कुणाच्या तरी पोराच्या फुलपाखराशेजारी.
सासूबाई पुडीतली सुपारी चघळतायत,
यंत्रावर कातरलेली, एकसारखी.
अडकित्ता कुठंय, कुणी विचारत नाही.
काच तीन बोटं उघडी. मी ओढत नाही.
पुढं बोलणं सुरू होतं, पावसाचं, भावकीचं,
हळूहळू माझ्याकडे वळायला लागतं,
आणि कवठे एकंदची पाटी दिसली
की आपोआप थांबतं.